वादळानंतर लाईट आली की कुणाकडे डिम, कुणाकडे फुल: ही भानगड नेमकी कुठं होते अन् काय करायचं

एप्रिल-मे लागला की आपल्या खानदेशात दुपारपर्यंत ऊन भाजून काढतं, चारनंतर काळं भरून येतं, वारावावधन सुटतं अन् अर्ध्या तासात केळीचे बाग आडवे, निंबाच्या फांद्या तारांवर, लाईट गेली. इथपर्यंत रावेर-यावलपासून शहाद्यापर्यंत सगळ्यांना पाठ आहे. पण घरातलं खरं नुकसान लाईट जाताना होतच नाही, ते होतं लाईट परत येते तेव्हा. पंखा एकदम गरगरायला लागतो, बल्ब पांढराफटक होतो, कुठंतरी फट्ट आवाज येतो अन् टीव्ही, फ्रिजचं कार्ड, वायफायचा डबा, चार्जर सगळं एका दमात जातं. त्याच वेळेला समोरच्या ओळीत मात्र ट्यूबसुद्धा पेटत नाही, पंखा हाताने ढकलावा लागतो.

माझं वायरिंगचं काम आहे. दर उन्हाळ्यात अशा घरांत जावं लागतं अन् सगळीकडे एकच वाक्य ऐकू येतं, "मागून जास्त व्होल्टेज सोडलं". तसं कुणी सोडत नाही. डीपीतून, म्हणजे गावातल्या ट्रान्सफॉर्मरमधून, जेवढं यायचं तेवढंच येत असतं, बहुतेक वेळा गेलेला असतो न्यूट्रल.

हे नीट समजून घ्या म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. डीपीवरून करंट आणणाऱ्या तीन फेज अन् तो परत नेणारा एक न्यूट्रल अशा चार तारा गावात येतात. कुठल्याही फेजपासून न्यूट्रलपर्यंत साधारण २३० व्होल्ट असतात, पण दोन फेजच्या मधे मोजले तर ४०० च्या आसपास भरतात. तुमच्या घराला एक फेज अन् न्यूट्रल आलाय, समोरच्याला दुसरी फेज अन् तोच न्यूट्रल. आता वादळात खांबावरचा न्यूट्रलचा जम्पर (जोडतार) सुटला किंवा डीपीच्या बुडाशी न्यूट्रलचा नट-बोल्ट ढिला होऊन जळाला, तर तुमच्या घरातला करंट परत जाणार कुठून? तो समोरच्याच्या घरातून त्याच्या फेजकडे जातो. म्हणजे तुमचं घर अन् त्याचं घर एका माळेत आले अन् दोघांत मिळून ४०० व्होल्ट वाटले गेले. अन् वाटणी उलटी होते, ज्याच्याकडे लोड जास्त त्याला व्होल्टेज कमी, ज्याच्याकडे लोड कमी त्याला जास्त. समजा त्याच्याकडे मोटर-गिझर धरून २००० वॅट चालू आहे अन् तुमच्याकडे टीव्ही, दोन बल्ब अन् एक पंखा मिळून २०० वॅट, तर हिशोबाने तुमच्या घरात साडेतीनशेच्या वर व्होल्ट येतात अन् त्याच्याकडे चाळीससुद्धा उरत नाहीत. प्रत्यक्षात गल्लीत पुष्कळ घरं असतात म्हणून आकडा थोडा इकडेतिकडे होतो, पण प्रकार हाच.

म्हणूनच जो माणूस विजेचा कमी वापर करतो त्याचंच सामान जास्त जळतं. म्हातारे दोघंच राहतात, एक बल्ब अन् टीव्ही चालू, त्यांचाच टीव्ही गेला, हे मी पुष्कळदा बघितलंय.

अन् एमसीबी का पडत नाही हे प्रत्येकजण विचारतो. एमसीबी करंट जास्त झाला तर पडते, व्होल्टेज जास्त झालं तर तिला काही कळत नाही. ईएलसीबी म्हणा की आरसीसीबी, तीपण लिकेज, म्हणजे करंट कुठं गळत असेल तरच पडते. म्हणजे बोर्डात सगळं नवंकोरं असलं तरी यातून वाचवणारं त्यात काहीच नाही, जोपर्यंत वेगळा ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर बसवलेला नाही. हा प्रोटेक्टर मेन स्विचच्या नंतर बसतो, २७० च्या आसपास व्होल्ट गेले की घर तोडून टाकतो अन् व्होल्टेज जागेवर आलं की थोडा वेळ थांबून परत जोडतो. एका टीव्हीच्या किमतीपुढे त्याची किंमत काहीच नाही. माझ्या मते आपल्या भागात प्रत्येक घरात तो पाहिजेच, इन्व्हर्टर घ्यायच्या आधी हा घ्या.

प्रोटेक्टर नसेल तर सवय हाच उपाय. वारा सुटला, आभाळ गडगडायला लागलं की लाईट जायची वाट न बघता फ्रिज, टीव्ही, कूलर, राऊटर यांच्या पिना बोर्डातून काढून टाका. नुसतं बटण बंद करून भागत नाही. वीज जवळ कडाडली तर ती बटणाची फट सहज ओलांडते अन् डिशच्या केबलमधूनही येते, म्हणून केबलपण काढायची. पण हे सगळं वीज अजून लांब आहे तोवरच. एकदा डोक्यावर कडकडाट सुरू झाला की पिना-केबलला हात लावत बसू नका, राहिलं ते राहू द्या. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं दामिनी नावाचं ॲप आहे, आसपास वीज पडण्याचा धोका असला की ते सांगतं, शेतात जाणाऱ्या प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये ते पाहिजे.

मग लाईट गेली की मेन खाली, म्हणजे बंद, करा. हे कुणी करत नाही, कारण मेन खाली असली तर लाईट आलेली कळणार कशी. रस्त्यावरच्या दिव्यावरून कळते, शेजाऱ्याच्या आरडाओरड्यावरून कळते. आली की पाच मिनिटं थांबा, कारण वादळानंतर पहिल्यांदा लाईन चार्ज केली की ती बऱ्याचदा परत ट्रिप होते, येते-जाते-येते, अन् त्या झटक्यात कॉम्प्रेसरचे हाल होतात. नंतर सगळ्या पिना काढलेल्या असताना, पंखे-दिवे बंद असताना मेन वर करा अन् एकच जुना काचेचा पिवळा बल्ब लावून बघा. साठ किंवा शंभरचा, तारवाला. एलईडी चालणार नाही, कारण आजकालचा चांगला एलईडी शंभर व्होल्टला असो की अडीचशेला, सारखाच उजेड देतो, त्याच्यावरून काही समजत नाही. तारवाला बल्ब खोटं बोलत नाही, कमी असेल तर लालसर होतो, जास्त असेल तर डोळे दिपतात. आता हे बल्ब दुकानात कमी झालेत, मिळाला तर एक घेऊन ठेवा, नाहीतर वायरमनकडून मीटरनंतर अन् मेनच्या आधी छोटं डिजिटल व्होल्टमीटर बसवून घ्या, मग मेन वर न करताच आकडा दिसतो, ते तर सगळ्यात चांगलं. १९५ पासून २५० पर्यंत आकडा स्थिर असेल तर एकेक वस्तू चालू करा, फ्रिज सगळ्यात शेवटी.

आता मुख्य मुद्दा, बिघाड कुठं आहे हे कसं ओळखायचं. त्यावरून कुणाला बोलवायचं ते ठरतं, नाहीतर घरचा वायरमन तासभर बोर्ड उघडून बसतो अन् दोष असतो खांबावर.

गल्लीत काही घरांना डिम अन् काही घरांना फुल, अन् कुणी मोटर चालू केली की तुमचा उजेड वर-खाली होतो, तर न्यूट्रल गेलाय, डीपीवर किंवा खांबावर. इथं घरात काही शोधू नका. गल्लीत हाका मारा, सगळ्यांच्या मेन खाली करायला लावा अन् वीज कंपनीच्या तक्रारीच्या नंबरला, १९१२ ला, फोन करा.

डिम आहे पण नेहमीपेक्षा जास्त उजेड कुठंच नाही, गावात एका फेजवाल्यांचं व्यवस्थित चालू अन् बाकी दोन फेजवाल्यांकडे अर्धवट, तर बहुतेक डीपीवरचा एक डीओ (ड्रॉप-आउट फ्यूज) उडालाय. वरच्या ११ हजाराच्या तीनपैकी एक फेज मेली की खाली असंच होतं, एक फेज जशीच्या तशी राहते अन् बाकी दोघींत अर्धं-अर्धं येतं. यात जास्त व्होल्टेजची भीती नाही, पण फ्रिज अन् बोअरची मोटर अर्ध्या व्होल्टेजला फिरत नाही, नुसती घूं करते अन् तापून वाइंडिंग जळतं. ते बंद ठेवा, दिवे चालू दे. अन् गावातला कुणी हौशी काठी घेऊन डीओ टाकायला निघाला तर त्याला धरून ठेवा. डीओ टाकणं लाईनमनचंच काम आहे, ते पण परमिट (लाईन बंद केल्याची परवानगी) घेऊन. असे हौशी पोरं गेलेले आपण सगळ्यांनी ऐकलेत.

शेजारी सगळं ठीक, फक्त तुमच्याकडे काहीच चालत नाही, पण टेस्टर लावला तर बोर्डाच्या दोन्ही भोकांत पेटतो. लोक म्हणतात लाईट आहे पण चालत का नाही. तुमचा एकट्याचा न्यूट्रल तुटलाय, खांबावरून घरी येणाऱ्या सर्व्हिस वायरमध्ये, मीटरच्या टर्मिनलला किंवा मेनमध्ये. फेज तुमच्या चालू असलेल्या बल्बमधून, पंख्यातून फिरून न्यूट्रलच्या तारेत आलीये म्हणून दोन्हीकडे टेस्टर पेटतो. हे लक्षात ठेवा, या वेळी न्यूट्रलची काळी तारसुद्धा शॉक मारते. "काहीच चालत नाही म्हणजे लाईट नाही" असं समजून कुणी होल्डरमध्ये हात घालू नका.

शेजारी ठीक अन् फक्त तुमच्याकडे दिवे लुकलुकतात, पंखा हळू-जोरात होतो, मीटरजवळ जळकट वास येतो, हा ढिला जॉइंट. मेन खाली करून थांबा. जॉइंट मीटरच्या खांबाकडच्या बाजूला असेल तर वीज कंपनीचा माणूस, घराकडच्या बाजूला असेल तर तुमचा वायरमन. मीटरचं सील स्वतः तोडू नका.

आता ज्याच्यासाठी मी हे एवढं लिहायला बसलो ते सांगतो. न्यूट्रल गेला अन् लाईनमन लवकर येत नसला की गावात कुणीतरी युक्ती सांगतो, "न्यूट्रल काढ अन् अर्थिंगला जोड, लाईट चालते". चालते, खरंय. पण मग घरातला सगळा करंट अर्थिंगच्या तारेतून जमिनीत जातो. अन् आपल्याकडची अर्थिंग मे महिन्यात कशी असते? काळी माती भेगाळलेली, पाइपाभोवती बोट जाईल एवढी फट, खड्ड्यात पाणी टाकून वर्षं झालेलं. एवढा करंट ती पचवू शकत नाही, मग अर्थिंगच्या तारेवरच व्होल्टेज चढतं अन् अर्थिंगला जोडलेलं सगळं जिवंत होतं, फ्रिजचं दार, कूलरचा पत्रा, वॉशिंग मशीन, मोटरचा पाइप, त्या पाइपाचा नळ. घरातली बाई ओल्या हाताने फ्रिज उघडते अन् चिकटते. एका घराने केलं तरी पाण्याच्या लोखंडी पाइपातून शेजारच्या नळाला करंट येऊ शकतो. आमच्या ओळखीत एक नाना होते, ते म्हणायचे वीस वर्षं झाली अर्थिंगवर लाईट चालवतो, काही झालं नाही. मी त्यांना एवढंच विचारलं, नाना, नातवंडं सुट्टीत आली की कूलरजवळच खेळतात ना? त्याच दिवशी त्यांनी ते काढायला लावलं. तुमच्या घरात असं असेल तर आजच काढा, उद्या नाही.

पावसाळ्यात नळाला किंवा पत्र्याला हात लावला की झिणझिण्या येतात, हीपण दरवर्षीची तक्रार. याचा छडा असा लावायचा. मेन पूर्ण खाली करा, इन्व्हर्टर बंद करा अन् मग टेस्टर लावून बघा, हाताने चाचपडून बघू नका. मेन खाली केल्यावर गेलं तर दोष तुमच्या घरात, बहुतेक पाण्याची मोटर, हिटर नाहीतर ओल धरलेल्या भिंतीतली वायर. मेन खाली करूनही राहिलं तर ते बाहेरून येतंय, कुणीतरी अर्थिंगवर लाईट चालवतोय किंवा सर्व्हिस वायर पत्र्याला घासतेय. हे शेवटचं पत्र्याच्या घरांत फार. सर्व्हिस वायर ज्या जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) तारेवर बांधलेली असते ती तार वाऱ्याने हलून हलून वायरचं कातडं खाते, मग तार जिवंत, तार पत्र्याला टेकली की सगळं छत जिवंत. होळी झाली की आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आत एक दिवस काढून खालून नीट बघा, वायर कुठं लोंबतेय, कुठं पत्र्याच्या काठावर टेकलीये, कुठं चिकटपट्टी लावलेले जुने जॉइंट आहेत. दिसलं की बदलून घ्या, जॉइंट मारत बसू नका. मीटरपर्यंतच्या वायरीला तुम्ही हात लावू नका, कंपनीला कळवून त्यांच्याच माणसाकडून करून घ्या. अन् कपडे वाळत घालायला लोखंडी तार बांधलेली असेल तर ती सोडून नायलॉनची दोरी बांधा. ओला कपडा, ओले हात, लोखंडी तार अन् तिला कुठंतरी टेकलेली वायर, यात दरवर्षी माणसं जातात, बायापण जातात.

ईएलसीबी पावसात सारखी पडते म्हणून ती काढून डायरेक्ट करून द्या, असं मला पुष्कळ जण सांगतात. मी करून देत नाही. ३० मिलीॲम्पियरची ती पेटी तुमच्या अंगातून करंट जायला लागला की डोळ्याचं पातं लवायच्या आत तोडते, ती पडतेय म्हणजे कुठंतरी करंट गळतोय. सगळ्या एमसीबी खाली करा, सगळ्या पिना काढा, पेटी वर करा, मग एकेक एमसीबी वर करत जा, ज्या एमसीबीला पडली त्या लाईनमध्ये दोष. सगळ्या एमसीबी खाली असतानाही पडत असेल तर न्यूट्रल अन् अर्थिंग कुठंतरी एकमेकांना टेकलेत, कारण साधी एमसीबी फक्त फेज तोडते, न्यूट्रल तसाच राहतो. ते वायरमनचं काम. पेटीवर टेस्टचं बटण असतं, लाईट चालू असताना महिन्यातून एकदा दाबा, पडली पाहिजे. नाही पडली तर बदला. एक मात्र लक्षात ठेवा, बाहेरून अर्थिंगच्या तारेवर चढून आलेल्या करंटपासून ही पेटी वाचवत नाही.

जनरेटरवाल्यांना हात जोडून विनंती. दोन्हीकडे पिना असलेली वायर बनवून जनरेटरची लाईट घरातल्या सॉकेटमध्ये घुसवायची नाही. मेन खाली करायचं राहिलं तर ती लाईट उलटी डीपीत जाते, अन् जी डीपी ११ हजाराचे खाली ४३३ करते तीच उलट्या बाजूने वर हजारो व्होल्ट चढवते. वर लाईनमन मेलेली लाईन समजून काम करत असतो. चेंजओव्हर स्विच बसवा, त्यात दोन्ही एकदम लागूच शकत नाहीत. छतावरचं सोलर ग्रीडची लाईट गेली की आपोआप बंद होतं ते याच कारणासाठी, त्यात बिघाड नाही. अन् जनरेटर घरात, ओसरीत, बंद शेडमध्ये लावू नका, त्याच्या धुरातला कार्बन मोनॉक्साईड ना दिसतो ना वास येतो, झोपेतच माणूस जातो. पावसात थंडी वाजते म्हणून कोळशाची शेगडी खोलीत घेऊन दार लावणंपण तसंच.

आता गॅस. लोक म्हणतील वादळाचा अन् गॅसचा काय संबंध. संबंध असा की वारा सुटतो तेव्हा संध्याकाळचा स्वयंपाक चालू असतो. बारीक आचेवर वरण ठेवलेलं, खिडकीतून झोत येतो अन् बर्नर विझतो. त्याच वेळी लाईट जाते, सगळे कपडे काढायला गच्चीवर नाहीतर खिडक्या लावायला पळतात. नॉब चालूच. आपल्याकडच्या बहुतेक शेगड्यांत ज्योत विझली तर गॅस आपोआप बंद होत नाही. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, तो वर निघून जात नाही, फरशीवर पसरतो, ओट्याखाली, फ्रिजच्या मागे साचतो, अन् हवेत दोन टक्के झाला तरी पेटायला तयार. खिडक्या आपणच वाऱ्यासाठी लावून घेतलेल्या. मग एकजण अंधारात काडी ओढतो. किंवा कुणी काहीच करत नाही अन् लाईट येते, फ्रिजचा कॉम्प्रेसर चालू होतो, त्याच्या ठिणगीने भडका होतो.

म्हणून वाऱ्याचा आवाज आला की आधी नॉब बंद, मग रेग्युलेटर बंद, मग गच्ची. वरण परत शिजवता येतं. लाईट गेल्यावर स्वयंपाकघरात जाताना दारातच थांबून वास घ्या अन् टॉर्च बाहेरच चालू करून आत न्या. वास आला तर कुठलंच बटण दाबायचं नाही, चालू करायला नाही अन् बंद करायलाही नाही, एक्झॉस्ट तर मुळीच नाही. दारं-खिडक्या सताड उघडा, रेग्युलेटर बंद करा, जमलं तर काढून सिलेंडरला टोपी लावा, पोरांना, म्हाताऱ्यांना बाहेर काढा अन् बाहेर लांब जाऊन १९०६ ला फोन करा, गॅसगळतीसाठीच तो नंबर आहे. लाईट गेलेली असेल अन् मीटर-मेन बाहेर ओट्यावर असेल, तिथं वास नसेल, तर मेन खाली करा म्हणजे लाईट आली तरी आत ठिणगी पडणार नाही. मेन घरातच असेल तर तिला हात लावू नका.

गळती साबणाच्या पाण्याने बघायची, काडीने कधीच नाही. रबरी नळी पाच वर्षांनी बदलायची, तारीख नळीवरच छापलेली असते. उंदराने कुरतडलेली दिसली तर तारीख बघत बसू नका. सिलेंडरच्या कड्याच्या आतल्या पट्टीवर ए, बी, सी, डी अन् पुढे वर्ष लिहिलेलं असतं, ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून अशी तपासणीची मुदत. उलटून गेलेली असेल तर सिलेंडर घेऊ नका. अन् आखाजीला खापरावरचे मांडे करायला मोठी शेगडी अंगणात घेतात, तेव्हा सिलेंडर उभाच ठेवा अन् विजेच्या तारांखाली मांडू नका.

तापीकाठच्या गावांना एक वेगळी गोष्ट. हतनूर धरणाचे ४१ दरवाजे उघडायची वेळ आली की पाणी घरात यायच्या आधी मेन खाली करा अन् रेग्युलेटर काढून टोपी लावा. पाणी उतरल्यावर बोर्ड वाळलेला दिसला तरी आतला चिखल ओला असतो, वायरमनने बघितल्याशिवाय मेन वर नको.

शेतकरी भावांनो, वादळाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आपण सगळे बाग बघायला पळतो. केळी किती पडली हे बघायला डोकं वर असतं अन् पाय ओल्या पाल्यात. त्या पाल्याखाली तुटलेली तार असते. सकाळी सहाला ती मेलेली असेल, पण शेतीच्या फीडरला (सबस्टेशनवरून शेतीसाठी येणाऱ्या लाईनीला) लाईट पाळीने येते, तुम्ही आत असताना ती चार्ज होऊ शकते. तार कोरड्या मातीवर पडली असेल तर करंट एवढा थोडा जातो की सबस्टेशनला कळतच नाही, लाईन चालूच राहते. म्हणून बांधावर थांबून आधी खांबाखांबाच्या तारा नजरेने मोजा, एक कमी दिसली तर आत जायचं नाही, गड्यालाही जाऊ द्यायचं नाही, गुरंही सोडायची नाहीत. दहा मीटर लांब राहायचं. चुकून जवळ गेलाच अन् पायाला मुंग्या आल्या तर पळू नका, लांब ढांग टाकू नका, दोन्ही पाय जुळवून सरकत-सरकत मागे या, कारण दोन पायांतलं अंतर जेवढं जास्त तेवढं व्होल्टेज अंगातून जास्त. खांबाच्या ताण तारेला बैल बांधू नका. स्टार्टरचा ऑटो (लाईट आली की मोटर आपोआप चालू करणारा) वादळाच्या आधी बंद करा, नाहीतर दोन फेजवर मोटर चालू होऊन जळते.

शेडनेट, मल्चिंगचा कागद, पत्रे हे सगळं आधीच बांधून ठेवा, उडून तारांवर जाऊन बसतं अन् मग अख्ख्या फीडरची लाईट रात्रभर जाते. तारेवर अडकलेलं काही बांबूने काढू नका, ओला बांबू करंट वाहतो.

शॉक लागलेला माणूस चिकटला असेल तर त्याला धरू नका. आधी मेन खाली, मेन सापडत नसेल तर कोरड्या लाकडाने वायर बाजूला, अन् ॲम्ब्युलन्ससाठी १०८ ला फोन. हे घरातल्या लाईटपुरतं, वरच्या ११ हजाराच्या लाईनीला कोरडं लाकूडही चालत नाही, तिथं सबस्टेशनमधून लाईन बंद झाल्याशिवाय जवळच जायचं नाही.

अन् १९१२ ला फोन लावला की नुसतं "लाईट नाही" म्हणू नका, तशा तक्रारी त्या दिवशी ढिगाने असतात. "न्यूट्रल गेलाय, घराघरात डिम-फुल होतंय" किंवा "तार तुटून रस्त्यावर पडलीये" असं स्पष्ट सांगा, डीपी कुठली, खांब कुठल्या घरासमोर, हे सांगा. बिलावरचा १२ आकडी ग्राहक क्रमांक विचारतात, अंधारात बिल सापडत नाही, म्हणून बिलाचा फोटो आत्ताच मोबाईलमध्ये काढून ठेवा, घरातल्या दोघा-तिघांच्या मोबाईलमध्ये, कारण वादळाच्या दिवशी एकाची बॅटरी हमखास संपलेली असते.